प्रोग्रॅमर आणि उद्योजकांसाठी सतत शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी करणारे प्रोग्रॅमर, स्वतःचं उत्पादन उभं करू पाहणारे आणि लहान टीम सांभाळणारे उद्योजक शिकण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न चार वाक्यांत संपतात. काहींना तसं संपवलं तर विचारणाऱ्यावर अन्याय होईल.

सतत शिकायचं म्हणजे दर वर्षी नवी भाषा, नवं फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) शिकायचं का?

नवी भाषा हा त्यातला एक भाग झाला, आणि बऱ्याचदा सगळ्यात सोपा. आपल्याला जे येतं ते कुठल्या ना कुठल्या गृहीतकावर उभं असतं. मेमरी महाग आहे, सर्व्हर एकच आहे, वापरणारा मोठ्या पडद्यासमोर बसलेला आहे, जाहिरात स्वस्तात मिळते, ग्राहक वर्षाचे पैसे आधी भरतो. शिकताना आपण ही गृहीतकं नकळत उचलतो आणि पुढे ती गृहीतकं होती हेच विसरतो. परिस्थिती पालटली तरी हात सवयीनं तेच करत राहतो. म्हणून या पानावरच्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: आपली माहिती कशाच्या टेकूवर उभी आहे ते ओळखा, आणि तो टेकू अजून जागेवर आहे का ते वरचेवर तपासा.

तारखांचं उदाहरण घ्या. साठ-सत्तरच्या दशकात साल दोनच अंकांत साठवणारे प्रोग्रॅमर निष्काळजी नव्हते. साठवणुकीची जागा तेव्हा खरोखर महाग होती, आणि आपला प्रोग्रॅम २००० सालापर्यंत चालू राहील असं फार थोड्यांना वाटलं होतं. त्यांचं गणित त्या काळापुरतं बरोबर होतं. ते पुढे वेळेत कुणी पुन्हा मांडून पाहिलं नाही, म्हणून शतक संपताना जगभर कोडच्या कोट्यवधी ओळी तपासत बसावं लागलं. आता तसाच प्रसंग पुन्हा समोर आहे. सेकंद मोजायला ३२ बिटांचा, म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येपर्यंतच मोजू शकणारा पूर्णांक वापरणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. तुमच्या कोडमध्ये असा पूर्णांक कुठे दडला आहे का, हे शोधायला बसलात तर एका दुपारीच वेळ, साठवणूक आणि जुन्या डेटाबेसबद्दल बरंच काही शिकून उठाल.

माझं काम उत्तम चाललं आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

विनाकारण घालू नयेच. पण गाडा का चालतो आहे, हे माहीत असायला हवं. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे ४० सेकंदांत ते नष्ट झालं. रॉकेटची दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ या आधीच्या रॉकेटवरून आणलेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. एरियान ४ च्या वेगाला हा आकडा १६ बिटांत सहज मावायचा. एरियान ५ चा आडवा वेग मात्र सुरुवातीलाच बराच जास्त होता. आकडा मावला नाही, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा एकाच कारणानं बंद पडल्या, कारण दोन्हींत तेच सॉफ्टवेअर होतं. सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट ही, की कोडच्या त्या भागाची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

तो कोड आधीच्या रॉकेटवर बिनबोभाट चालला होता. तुमचंही काम तसंच बिनबोभाट चाललं असेल तर चौकशी करायला हीच वेळ सगळ्यात चांगली, कारण डोक्यावर संकट नसलं की माणूस शांतपणे वाचतो. वापरणारे दहापट झाले तर पहिलं काय मोडेल? हा भाग कुठल्या आकड्यापर्यंत तपासलेला आहे? सगळ्यात मोठा ग्राहक उद्या गेला तर किती महिने तग धरता येईल? या प्रश्नांची उत्तरं शोधणं हेच शिकणं आहे. त्यासाठी कुठल्या वर्गाला नाव घालावं लागत नाही.

पण सगळंच इतक्या वेगानं बदलतं की धाप लागते. याच्यामागे किती धावायचं?

सगळं बदलत नाही. या क्षेत्राची ही दिलासा देणारी बाजू पुरेशी सांगितली जात नाही, याची मला खंत आहे. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा तक्त्यांत मांडण्याची पद्धत, १९७० मध्ये मांडलं, आणि डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेची सुरुवात १९७४ च्या आसपासची. सी भाषा १९७२ ची. टोनी होअर यांचं क्विकसॉर्ट, म्हणजे यादी क्रमानं लावायची रीत, १९६१ चं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्यानं १ जानेवारी १९८३ रोजी संदेशवहनाचे टीसीपी/आयपी हे नियम स्वीकारले, आणि आजही तुमचा प्रत्येक संदेश त्याच घराण्यातल्या नियमांनी प्रवास करतो. हे ज्यांनी एकदा मन लावून शिकून घेतलं, त्यांना त्याचं फळ दशकानुदशकं मिळत राहिलं.

दुसरीकडे, वेबसाठीचं अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं आणि २०२१ च्या अखेरीस त्याचा अधिकृत आधार संपला. वेबवर ॲनिमेशन आणि खेळ दाखवणारं फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं. पायथन या भाषेची तिसरी आवृत्ती, पायथन ३, डिसेंबर २००८ मध्ये आली आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे बदलायला ११ वर्षं मिळाली होती, तरी शेवटच्या महिन्यात धावपळ करणाऱ्या टीम कमी नव्हत्या.

या दोन टोकांच्या मध्ये एक फसवा थर आहे आणि खरी काळजी त्याची घ्यायला हवी. तिथलं ज्ञान टिकाऊ वाटतं, पण ते परिस्थितीला बांधलेलं असतं. पासवर्ड एमडी५ या पद्धतीनं हॅश करून, म्हणजे उलटा फिरवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवा, हा एके काळचा समंजस सल्ला होता. पुढे ग्राफिक्स कार्डं इतकी वेगवान झाली की एमडी५ चा चटकन निघणारा हॅश हीच त्याची कमजोरी ठरली. चोराला सेकंदाला अब्जावधी अंदाज करून पाहता येऊ लागले. म्हणून मुद्दाम संथ चालणाऱ्या पद्धती आल्या: १९९९ मध्ये बीक्रिप्ट, आणि पुढे आर्गॉन२, जिला २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत पहिला मान मिळाला. हॅश म्हणजे काय, ही समज बदलली नाही. बदलला तो संगणकाचा वेग, आणि त्यामुळे सल्ला उलटा झाला. सुरक्षा, कामगिरी, खर्चाचे अंदाज आणि कायदे या चार विषयांत असा फसवा थर सगळ्यात जाड असतो.

मग काय शिकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे कसं ठरवू?

आज कामात जिथे अडलं आहे तिथून सुरुवात करा आणि एकच थर खाली उतरा. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, संथ चालते? इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकून मोकळं होऊ नका. डेटाबेसनं त्या क्वेरीसाठी काय योजना आखली ते पाहायला शिका. इंडेक्स आत बी-ट्रीच्या, म्हणजे फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेच्या रूपात कसा मांडलेला असतो ते कळलं की कोणत्या स्तंभांचा क्रम का महत्त्वाचा, हे पाठ करावं लागत नाही. दहा थर खाली जायची गरज नाही. एक थर खाली गेलात की वरच्या थरातल्या बहुतेक चमत्कारिक वागण्याचा उलगडा होतो.

नवं साधन समोर आलं की आधी विचारा: हे कुठल्या अडचणीतून जन्माला आलं? कुबरनेटिस हे साधन २०१४ मध्ये गूगलमधून बाहेर आलं, त्यामागे हजारो यंत्रांवर कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह बांधलेले प्रोग्रॅम) चालवण्याचा त्यांचा अनुभव होता. तुमच्याकडे दोन सर्व्हर आणि तीन माणसं असतील तर ती अडचण तुमची नाही. तरीही ते कशासाठी आहे, हे अर्ध्या तासात समजून ठेवा, म्हणजे तशी अडचण खरंच आली तर ती ओळखू येईल. प्रत्येक गोष्टीत पारंगत व्हायची गरज नसते. पुष्कळ गोष्टींची नुसती तोंडओळख पुरते.

कोर्स पूर्ण करतो, पण महिन्याभरात सगळं विसरतो. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही, तुमची अभ्यासाची पद्धत स्मरणशक्तीच्या विरुद्ध जाणारी आहे. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीला फार झपाट्यानं विसरतं आणि उजळणी अंतरा-अंतरानं केली तर जास्त टिकतं, या दोन्ही गोष्टी त्यांनी तेव्हाच दाखवल्या होत्या.

त्याहून उपयोगी प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा, २००६ चा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून, न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचणाऱ्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास मात्र जास्त होता. डोळ्यांखालून गेलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं असा समज होतो.

म्हणून व्हिडिओ संपला की खिडकी बंद करा आणि आत्ता काय कळलं ते रिकाम्या पानावर लिहा. उदाहरणातला कोड दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहा, मग आठवड्यानं पुन्हा. अडखळायला होईल, चीड येईल. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी अशा अडचणींना हव्याशा अडचणी म्हटलं आहे: त्या क्षणी प्रगती मंदावल्यासारखी वाटते, पण टिकतं ते त्यांच्यामुळेच.

ट्युटोरियल पाहताना सगळं समजतं, पण रिकाम्या फाईलसमोर काहीच सुचत नाही.

कारण ट्युटोरियलमध्ये सगळे निर्णय दुसऱ्यानं घेतलेले असतात. कुठली फाईल आधी, डेटा कसा मांडायचा, काय वगळायचं, हे तुमच्या वाट्याला येतच नाही, आणि प्रोग्रॅमिंगमधला अवघड भाग नेमका तोच असतो. ट्युटोरियल अर्ध्यावर थांबवा आणि पुढचं आपलं आपण पूर्ण करा. किंवा पूर्ण केल्यावर त्यातली एक अट बदला: एकाऐवजी दोन वापरकर्ते, एका चलनाऐवजी तीन, नेट नसतानाही चालायला हवं. अट बदलली की मूळ लेखकानं तसं का केलं होतं ते उमगायला लागतं.

दहा हजार तास घातले की माणूस तज्ज्ञ होतो, हे खरं का?

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून हा आकडा पसरला. पण दहा हजार ही सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, उंबरठा नव्हता, आणि हा अर्थ चुकीचा आहे असं पुढे खुद्द एरिक्सन यांनीच सांगितलं. त्यांचा भर तासांपेक्षा सरावाच्या प्रकारावर होता: आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचं काम, लगेच कळणारी चूक, आणि तोच भाग पुन्हा.

आपल्या कामात हे आपोआप घडत नाही. एकाच तऱ्हेचे फॉर्म आणि एकाच तऱ्हेच्या एपीआय (दोन प्रोग्रॅममधले दुवे) दहा वर्षं लिहिणाऱ्याचा हात सफाईदार होतो, पण आवाका तेवढाच राहतो. सराव हवा असेल तर तो मुद्दाम घडवावा लागतो. बगचं, म्हणजे कोडमधल्या चुकीचं कारण डीबगर (चूक शोधायचं साधन) लावण्याआधी कागदावर लिहा, मग खरं कारण शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. काम हाती घेताना किती दिवस लागतील ते लिहा आणि संपल्यावर ताळा करा. चूक लगेच कळणारा याहून स्वस्त सराव मला तरी माहीत नाही.

दुसऱ्यांचा कोड वाचून खरंच शिकता येतं?

येतं, फक्त आकाराकडे लक्ष द्या. लाखो ओळींच्या प्रकल्पात शिरलात तर हरवून जाल. जुन्या प्रकल्पांच्या पहिल्या आवृत्त्या वाचा. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये केलेली त्याची पहिली कमिट (नोंदवलेला बदल) हजारभर ओळींची आहे आणि आजच्या गिटचा गाभा तिच्यात स्पष्ट ओळखू येतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा मुख्य कोड वाचायला जड वाटला तर त्याच्या चाचण्या कशा बांधल्या आहेत त्याबद्दल तो बनवणाऱ्यांनीच लिहिलेलं वाचा. तिथे चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे, आणि एवढी दक्षता का लागते याची कारणंही दिलेली आहेत.

एआय आता कोड लिहून देतं. मग शिकायचं कशाला?

हा प्रश्न सध्या सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२१ मध्ये कोड सुचवणारं कोपायलट आलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतर टायपिंगचा मोठा भाग खरोखर माणसाच्या हातून सुटला. तो सुटल्याचं मला दुःख नाही.

पण पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली एक गोष्ट आज अधिकच लागू पडते. प्रोग्रॅम म्हणजे कोडचा मजकूर नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. ही प्रणाली जगातल्या कुठल्या गोष्टींशी कशी जुळते, तिची रचना अशीच का, बदल आला तर तो कुठे बसवायचा, याची जी समज ती बनवणाऱ्यांच्या डोक्यात तयार होते, तीच खरी वस्तू. कोड आणि दस्तऐवज हे तिचं मागे उरलेलं रूप. टीम पांगली की मजकूर जागेवर असूनही प्रोग्रॅम मरतो. आता असा विचार करा: कोड यंत्रानं लिहिला, तुम्ही वरवर पाहून स्वीकारला आणि ही समज कुणाच्याच डोक्यात तयार झाली नाही. म्हणजे टीम न पांगताही तीच अवस्था पहिल्या दिवसापासून आली.

एआयच्या माहितीलाही गृहीतकं चिकटलेली असतात. मॉडेलचं प्रशिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं, त्यामुळे लायब्ररीची (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची) जुनी पद्धत ते पूर्ण आत्मविश्वासानं सुचवतं. कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव देतं, आणि अशी नावं आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवला जाण्याचा धोका आहे. हे पकडायला जे लागतं ते तुम्ही शिकलेलंच असतं.

वापरा, पण क्रम बदलून वापरा. आधी स्वतः दहा ओळींत लिहा की उत्तर कसं असेल, मग त्याच्याकडून लिहून घ्या आणि फरक कुठे पडला ते वाचा. मर्यादेवरच्या चाचण्या तुम्ही स्वतः ठरवा: रिकामी यादी, शून्य रक्कम, एकाच क्षणी दोन विनंत्या. नवा विषय शिकत असाल तर उत्तर मागण्याऐवजी त्याला सांगा, मला प्रश्न विचार. वर आठवून लिहिण्याचा जो प्रयोग सांगितला, त्यासाठी असा न थकणारा परीक्षक पूर्वी कुणाला मिळत नव्हता. नवशिक्यांनी मात्र पहिले काही महिने साध्या गोष्टी स्वतःच्या हातानं लिहाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. चूक ओळखायची नजर चुका केल्यानंच येते.

मी उद्योजक आहे. मी काय शिकायचं? सगळं तर येणं शक्य नाही.

आधी ग्राहक. त्याच्याबद्दलची मतं नव्हे, त्याचं वागणं. “असं उत्पादन काढलं तर तुम्ही घ्याल का?” असं विचारलं की सभ्य माणूस हो म्हणतो, आणि त्या होकाराला काही किंमत नसते. “ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यात किती वेळ, किती पैसा गेला?” असं विचारा. मागच्या महिन्यात जो माणूस या अडचणीपायी चार स्प्रेडशीट सांभाळत बसला होता तो तुमचा ग्राहक. ज्यानं काहीच केलं नाही, त्याला ती अडचण तुम्ही समजता तितकी बोचत नाही.

स्लॅक या टीमसाठीच्या संदेश-साधनाचा जन्म असाच झाला. टायनी स्पेक ही कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ चालला नाही, २०१२ मध्ये बंद करावा लागला. पण वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या त्या टीमनं आपसांत बोलायला एक साधन बनवलं होतं, आणि त्याच्याशिवाय आता काम करता येणार नाही हे त्यांना स्वतःच्या वागण्यावरून कळलं. तेच साधन २०१३ मध्ये स्लॅक म्हणून लोकांसमोर आलं, आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सनं ती कंपनी विकत घेतली.

त्यानंतर शिकायचं ते आपला धंदा कुठल्या बाहेरच्या गोष्टींवर टेकलेला आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनवरच्या ॲपना वापरकर्त्याचा माग काढण्याआधी परवानगी मागणं सक्तीचं केलं. नेमक्या माणसापर्यंत स्वस्तात पोचणाऱ्या जाहिरातींवर ज्यांचं सगळं गणित होतं, अशा अनेक लहान व्यवसायांचा नवा ग्राहक मिळवण्याचा खर्च वाढला. खुद्द मेटानं, म्हणजे फेसबुकच्या कंपनीनं, २०२२ च्या उत्पन्नाला यामुळे सुमारे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं. पुढे अमेरिकेतले व्याजदर मार्च २०२२ च्या जवळजवळ शून्यापासून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले, आणि आधी वाढ, नफा नंतर, हा सल्ला ज्या स्वस्त पैशावर उभा होता तो पैसाच आटला. हे दोन्ही बदल या व्यवसायांच्या हातातले नव्हते. पण आपण कशावर टेकलो आहोत याची यादी ज्यांनी आधी केली होती, त्यांना निदान काय तपासायचं ते ठाऊक होतं.

मोठ्या कंपन्यांकडे माहिती, पैसा, हुशार माणसं सगळं असतं. तरी त्या मागे का पडतात?

कोडॅकचं उदाहरण सगळे देतात, आणि बहुतेकदा चुकीचं देतात. कोडॅकला डिजिटल कॅमेरा माहीत नव्हता असं नाही. त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं तो १९७५ मध्ये तयार केला होता. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे विकलेही. पण कमाई फिल्मवर होत होती आणि कंपनीची घडण त्या कमाईभोवती झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच धंद्यातल्या फुजीफिल्मनं मात्र आपल्याला नेमकं काय येतं, याचा नव्यानं विचार केला. फिल्म बनवताना जमलेलं पातळ थरांचं तंत्र एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्ममध्ये कामी आलं. कोलॅजेन आणि रंग टिकवण्याचं रसायनशास्त्र सौंदर्यप्रसाधनांकडे घेऊन गेलं.

इंटेल १९६८ मध्ये मेमरी चिप बनवण्यासाठी सुरू झाली होती. १९८५ मध्ये जपानी कंपन्यांपुढे त्या धंद्यात टिकाव लागेना. तेव्हा कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं, की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ठरवून ते मायक्रोप्रोसेसरकडे वळले. माहिती दोघांकडे आधीपासूनच होती. प्रश्न बाहेरच्या माणसाच्या जागेवर उभं राहून विचारल्यावर ती वापरता आली. हा प्रश्न दोन माणसांच्या कंपनीतही दर सहा महिन्यांनी विचारता येतो.

मी तांत्रिक नाही. प्रोग्रॅमिंग शिकावं का?

उत्पादन स्वतः लिहिण्याइतकं नको. पण दोन गोष्टी जरूर शिका. एक, स्वतःच्या डेटाला प्रश्न विचारण्यापुरतं एसक्यूएल. काही आठवड्यांत जमतं आणि अहवालासाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी, सॉफ्टवेअरचं काम का लांबतं, हे. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्ये सांगितलं. पाच जणांमध्ये बोलण्याच्या १० जोड्या होतात, दहा जणांमध्ये ४५. नव्यांना शिकवणारे जुनेच असतात आणि तेवढा वेळ त्यांचं काम थांबतं.

आणि प्रोग्रॅमरनं धंद्याचं काय शिकावं?

रोख पैसा आणि नफा यांतला फरक, किंमत ठरवणं, आणि ग्राहक टिकण्याचं गणित. महिन्याला पाच टक्के ग्राहक सोडून जातात हे ऐकायला किरकोळ वाटतं. बारा महिने असंच चाललं तर सुरुवातीच्या १०० पैकी जेमतेम ५४ उरतात. हे एकदा स्वतः मांडून पाहिलेला प्रोग्रॅमर नवं फीचर मागण्याआधी जुनी तक्रार आपणहून उचलतो.

वेळच मिळत नाही.

रोजच्या कामाबाहेर वेगळा तास काढायचं ठरवलं तर बहुतेकांचं दुसऱ्या आठवड्यात मोडतं, घरची जबाबदारी असलेल्यांचं तर आधीच. शिकणं कामातच मिसळा. बग सुटल्यावर पुढच्या कामाकडे धावण्याआधी पंधरा मिनिटं तो मुळात का आला ते वाचा. कोड रिव्ह्यूमध्ये (एकमेकांचा कोड तपासताना) न कळलेली एक ओळ विचारा. आणि जे काम तुम्ही नेहमीच सहज करता ते कधीतरी दुसऱ्याला देऊन त्याचं नको वाटणारं काम मागून घ्या.

टीमला शिकायला कसं लावू? आणि शिकवलं, मग सोडून गेले तर?

चूक सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर कितीही प्रशिक्षणं ठेवा, टीम शिकणार नाही. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला तर कुठलाही कामगार दोरी ओढून अडचण जाहीर करू शकतो आणि गरज पडली तर सगळी ओळ थांबते. सॉफ्टवेअरमध्ये त्याला समांतर अशी सवय म्हणजे घटना घडून गेल्यावर कुणावर बोट न रोखता केलेली चर्चा.

नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ ला सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला होता, आणि ज्या जुन्या खुणेचा नव्या कामासाठी पुन्हा वापर केला होता तिनं त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा केला. एक सर्व्हर विसरणाऱ्या माणसाला काढून टाकून यातलं काहीही दुरुस्त झालं नसतं. एक सर्व्हर विसरणं शक्य का होतं, मेलेला कोड तिथे का राहिला, थांबवायचं बटण का नव्हतं, या प्रश्नांतून टीम शिकते.

सोडून जाण्याबद्दल: काही जातील. न शिकलेले मात्र राहतील आणि तुमच्या ग्राहकांचं काम तेच करतील. माझ्या पाहण्यात चांगली माणसं शिकायला मिळतं म्हणून जितकी टिकतात, तितकी शिकून मोठी झाली म्हणून जात नाहीत.

वय झालं, आता नवं शिकणं जमेल का?

संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये कंपायलरवर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम केलं तेव्हा त्या पंचेचाळिशीत होत्या, आणि अमेरिकी नौदलातून अखेरच्या वेळी निवृत्त झाल्या १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार होत्या. वयाबरोबर घोकणं अवघड होतं, पण जुन्या गोष्टींशी जोडून समजून घेणं सोपं होतं, कारण जोडायला जवळ बरंच काही असतं.

मी खरंच शिकतो आहे, हे कशावरून ओळखू?

प्रमाणपत्रांवरून नाही, ती नोकरीच्या दारात शिरताना कधीकधी उपयोगी पडतात, तेवढंच. निर्णयांची वही ठेवा. महत्त्वाचा निर्णय घेताना तारीख, काय ठरवलं, काय गृहीत धरलं आणि काय होईल असं वाटतं, हे पाच-सहा ओळींत लिहा. तीन-चार महिन्यांनी उघडा. निकाल चांगला लागला पण कारण वेगळंच निघालं, असं पुष्कळदा दिसेल. ते पाहणं सगळ्यात मोलाचं, कारण एरवी आपण त्याला आपली हुशारी समजून पुढे जातो. वर्षभरानंतर वहीत तुमची गृहीतकं अधिक नेमकी होत गेलेली दिसली, “ग्राहकांना आवडेल” च्या जागी “पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा उघडतील” असं लिहिलेलं आढळलं, तर तुम्ही शिकता आहात.

एखादा विषय शिकणं थांबवायचं कधी?

पुढचा निर्णय त्यानं बदलणार नसेल तेव्हा. दोन डेटाबेसची तुलना वाचत असाल आणि तिसऱ्या लेखानंतरही निवड तीच राहिली असेल, तर वाचन थांबवून छोटा प्रयोग उभा करा. ग्राहकांशी बोलताना पुढचा माणूस काय सांगेल याचा अंदाज बरोबर यायला लागला, की मुलाखती थांबवून बनवायला घ्या. निव्वळ आवडीसाठी वाचत असाल तर ही अट लावू नका. ते वाचन हवं तितकं लांबू द्या.